बसून राहणाऱ्या वृद्धाविषयी

घरोघरी भेटीस जाताना एक तक्रार आमच्या कानी वारंवार पडते. "बाबा आताशा ओसरीवर बसतात ते बसतातच. ताट हाती दिले तर जेवतात, न दिले तर मागतही नाहीत." मुलगा हे लाजून सांगतो, सून चिडून सांगते, आणि शेजारी म्हणतात की म्हातारा आळशी झाला. ज्या वृद्धास स्मृतिभ्रंश जडला आहे, त्यास हा शब्द लावणे अन्यायाचे आहे.

आलोइस आल्झायमर ह्या जर्मन डॉक्टराने १९०६ साली ज्या विकाराचे वर्णन केले, तो स्मृतिभ्रंशाच्या कारणांत मुख्य होय. लोक त्यास केवळ विसरण्याचा रोग समजतात. परंतु इच्छेस कृतीचे रूप देण्याचे जे काम मेंदूचा पुढला भाग व त्याशी जोडलेले भाग करितात, तेही त्यात बिघडते. बैल धडधाकट आहे, औत जुंपले आहे, पण हाक देणारा कोणी नाही, अशी ती स्थिती असते.

ही उदासीनता म्हणजे दुःख नव्हे. खिन्न मनुष्य रडतो, स्वतःस दोष देतो, मरण बरे असे म्हणतो. उदासीन मनुष्यास आपल्या बसून राहण्याचा खेदही बहुधा नसतो. दोन्ही एकत्र असू शकतात, म्हणून डॉक्टरास एकदा दाखवावेच. आणि काल चालता बोलता मनुष्य दोन-चार दिवसांत एकाएकी निपचित झाला, तर ताप, लघवीचा विकार, बद्धकोष्ठ किंवा झोपेची नवी गोळी हे कारण असू शकते. तेव्हा वाट न पाहता दवाखाना गाठावा. उदासीनतेवर खात्रीचे असे औषध मात्र नाही. म्हणून हे काम घरच्यांकडेच येते.

ते कसे करावे? "आजी, तांदूळ निवडता का?" असे विचारले की "नको" हेच उत्तर येते, कारण आरंभ करणे हेच तिला जड झालेले असते. त्याऐवजी तिच्याजवळ बसावे, सूप तिच्या मांडीवर ठेवावे, दोन खडे आपण वेचावे आणि मग तिचा हात धान्यावर ठेवावा. पुष्कळदा बोटे आपोआप चालू लागतात. हाताची जुनी सवय नावागावांच्या आठवणीपेक्षा अधिक काळ टिकते. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. दहा-पंधरा मिनिटे पुरेत, आणि रोज वेळ तीच असावी. खडे राहिले तर राहू द्यावे. तिच्यादेखत तेच तांदूळ पुन्हा निवडू नयेत.

काम ज्याच्या त्याच्या आयुष्यातले असावे. शेतकऱ्यास दोरी वळावयास द्यावी, शिक्षकास मुलांची पाटी पाहावयास द्यावी. प्रौढ मनुष्यापुढे लेकरांची खेळणी मांडणे आम्हांस अपमानाचे वाटते. तरुणपणीचे एखादे गाणे आपण म्हणू लागलो, तर मुका बसलेला मनुष्यही कधी कधी पुढली ओळ उचलतो. त्याने हात झिडकारला तर बळजबरी करू नये. तासाभराने पुन्हा पाहावे. तो नुसता पाहत बसला तरी तो आपल्यात आहे असे समजावे.

भेटीस जाणाऱ्या उपदेशक बंधूंनो, "मला ओळखलेत का?" असे विचारणे सोडा. ती परीक्षा आहे, आणि तीत नापास होणे कोणासही आवडत नाही. आपले नाव आपणच सांगा, जवळ बसा, शेंगा सोलीत बोला.

आणि त्या सुनेकडेही पाहा. रागावणाऱ्या रोग्यापेक्षा काहीच न बोलणारा रोगी कधी कधी अधिक थकवितो, कारण केलेल्या सेवेची पोच त्याच्या चेहऱ्यावर दिसत नाही. तो मुद्दाम करीत नाही, हे तिला कोणी समजावून सांगितले तर तिचा निम्मा राग उतरतो. उरलेला राग थकव्याचा असतो, आणि तो शब्दांनी जात नाही. मंडळीतील दोघींनी आठवड्यातून एक दुपार त्या ओसरीवर बसावे, म्हणजे तिला माहेरी जाऊन येता येईल किंवा घटकाभर निजता येईल.