अर्ध्या हळकुंडाने पिवळं होऊ नका : घरगुती हळद पावडर उद्योगाचा धडा



हळदीवरच्या व्हिडिओत रंग, हिशोब आणि लेबल हे तिन्ही मुद्दे घाईत उरकावे लागले. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

सुरुवात आपल्या कामतघरच्या बॅचमधल्या एका प्रसंगाने करतो. घरातला लूमचा पगार कमी-जास्त होतो म्हणून एका ताईंनी हळद पावडर विकायला सुरुवात केली. हळकुंडं स्वतः निवडली, वाळवली, समोर उभं राहून दळून आणली. एका खानावळीला दहा किलो दिली. चार दिवसांनी माल परत! कारण काय, तर "रंग फिका आहे. बाजारातली बघा, कशी पिवळीधमक असते."

क्लास संपल्यावर ताईंनी टेबलावर दोन पिशव्या ठेवल्या. एक त्यांची, एक बाजारातली. म्हणाल्या, "सर, खरी कोणती ते मला माहीत आहे. पण गिऱ्हाईक दुसरी मागतंय. एक जण म्हणाला, चिमूटभर रंग टाका, कोण बघतंय? काय करू?"

आजचा सगळा धडा या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

१. आधी माल ओळखा

महाराष्ट्रात हळद म्हटलं की सांगलीची पेठ डोळ्यांसमोर येते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी २०१६ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला आणि नंतर २०२४ मध्ये हिंगोलीतल्या वसमतच्या हळदीला मिळालं. लागवड साधारण मे-जूनमध्ये, काढणी आठ-नऊ महिन्यांनी. त्यामुळे नवा माल बाजारात येतो तो उन्हाळ्याच्या तोंडावर. वर्षाची खरेदी करायची तर तेव्हा करा.

शेतातून निघालेली ओली हळद तशीच दळत नाहीत. ती शिजवतात, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवतात, मग घासून पॉलिश करतात. शंभर किलो ओल्या हळदीतून वाळलेली मिळते साधारण वीस किलो. म्हणून फार स्वस्त हळद दिसली की खुश होण्याआधी थांबा आणि विचारा, हे परवडतं कसं?

खरेदी करताना चार गोष्टी बघा :

- गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी. मिसळलेला माल हळकुंडाच्या भावाने घेऊ नका.
- हळकुंड मोडून बघा. नीट वाळलेलं असेल तर कट्कन आवाज होऊन तुटतं. वाकलं तर ओल आहे, म्हणजे बुरशीला आमंत्रण.
- बाहेरून झगझगीत पिवळं आणि आतून फिकं असेल तर सावध व्हा. वरून रंग चोळलेला असू शकतो.
- वास घ्या. हळदीला स्वतःचा मातकट, थोडा उग्र वास असतो. वास नाही आणि रंगच रंग, तर माल सोडून द्या.

२. रंगाचा मोह आणि त्याचं विष

हळदीला पिवळेपणा देणारं द्रव्य म्हणजे कर्क्युमिन आणि त्याची भावंडं. हळदीत त्यांचं प्रमाण साधारण २ ते ५ टक्के, काही वाणांत त्याहून जास्त. अन्नसुरक्षेच्या मानकानुसार हळद पावडरमध्ये ही द्रव्यं किमान २ टक्के हवीत आणि ओलावा १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. वाण बदलला, जमीन बदलली की छटा बदलते. उजेडातही हा रंग उडतो. म्हणजे ताईंची हळद थोडी फिकी होती यात गुन्हा काहीच नव्हता.

मग बाजारातली इतकी पिवळी का? काही वेळा वाणच चांगला असतो, हे आधी मान्य करा. पण काही वेळा त्यात मेटॅनिल यलो नावाचा खाण्यास बंदी असलेला रंग किंवा लेड क्रोमेट असतं. लेड क्रोमेट म्हणजे शिसं असलेला रंग. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं, आणि शरीरात एवढं चालेल अशी त्याची सुरक्षित पातळीच नाही. चिमूटभर टाकलं तर चालेल, हा हिशोबच इथे लागू होत नाही.

आपल्या शेजारच्या बांगलादेशाचं उदाहरण बघा. तिथल्या व्यापाऱ्यांच्या सांगण्यानुसार १९८०च्या दशकात पुरात भिजून हळद काळवंडली. ती पिवळी दिसावी म्हणून लेड क्रोमेट चोळायला सुरुवात झाली आणि पुढे तीच रीत पडली. २०१९ मध्ये संशोधकांनी हे उघड केल्यावर सरकारने बाजारात तपासण्या केल्या, दंड केले, लोकांना सांगितलं. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं, ते २०२१ मध्ये शून्यावर आलं. सवय कितीही जुनी असो, ती मोडता येते.

ग्लासची चाचणी : दोन ग्लासांत पाणी घ्या. प्रत्येकात एक-एक चमचा हळद टाका आणि ढवळू नका. शुद्ध हळद खाली बसताना पाण्याला फिकट पिवळी छटा देते. रंग मिसळलेला असेल तर पाणी गडद पिवळं होतं. ही प्राथमिक चाचणी आहे, शेवटचा निकाल नाही. शिसं आहे की नाही हे प्रयोगशाळाच सांगते. मोठा लॉट घेतला की एक नमुना मान्यताप्राप्त लॅबमध्ये द्या आणि तो रिपोर्ट फाइलला लावा. ॲसिडची चाचणी घरात करू नका.

३. हिशोब : तुमची मजुरी धरली का?

खालचे भाव फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. तुम्ही आजचे भाव टाका.

- हळकुंड ५० किलो, १८० रुपयांनी : ९,०००
- दळणावळ, किलोला २० रुपये : १,०००
- वाहतूक : ५००
- २०० ग्रॅमचे २४० पाऊच, लेबलसकट ४ रुपयांनी : ९६०
- तुमची मजुरी, ४ दिवस, ५०० रुपयांनी : २,०००

एकूण १३,४६० रुपये. निवडताना, वाळवताना आणि दळताना २ किलो घट धरली तर पावडर ४८ किलो, म्हणजे २४० पाऊच. एका पाऊचचा खर्च साधारण ५६ रुपये.

७५ रुपयांना थेट विकलं तर १९ रुपये सुटतात. दुकानदाराला १५ टक्के दिले तर हातात ६३ रुपये ७५ पैसे येतात, सुटतात पावणेआठ. म्हणजे पहिले शंभर पाऊच ओळखीत विका आणि मगच दुकान धरा.

आता दुसरी बाजू. याच भावात पाऊच आणि मजुरी सोडून नुसती पावडर किलोला जवळपास २१९ रुपये पडते. कोणी तुम्हाला "तयार पावडर १५० ने देतो, फक्त पॅक करा" म्हणालं, तर तो तोट्यात धंदा करतोय का? आणि करत नसेल तर त्या पिशवीत काय आहे? भेसळ पकडायला प्रत्येक वेळी लॅब लागत नाही, कधीकधी बेरीज-वजाबाकी पुरते.

दळणाबद्दल एक सूचना. हळकुंड दगडासारखं कडक असतं. पिठाच्या गिरणीत देऊ नका, मसाल्याच्या डंक्यावर द्या. तुमच्या आधी मिरची दळली असेल तर डंका साफ करून घ्या, नाहीतर पहिल्या दोन किलोची हळद दुधात टाकणारा तुमचं नाव आयुष्यभर लक्षात ठेवेल. दळलेली पावडर गरम असते. ती पूर्ण थंड झाल्यावरच पाऊचमध्ये भरा आणि पाऊच पारदर्शक नको.

४. 'पी हळद अन् हो गोरी' लेबलवर लिहू नका

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. "सर, हळद औषधी आहे हे तर सगळ्यांना माहीत आहे, मग लिहिलं तर काय बिघडलं?"

हळद औषधी आहे, वाद नाही. आयुर्वेदात ती हरिद्रा. कापलं की आजी हळद दाबायची, खोकला झाला की हळदीचं दूध. हे ज्ञान किती मोलाचं आहे ते १९९५ मध्ये कळलं. अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला 'जखम भरण्यासाठी हळद' या वापराचं पेटंट मिळालं. त्याच वर्षी आपल्या सीएसआयआरचे महासंचालक झाले डॉ. रघुनाथ माशेलकर. सीएसआयआरने पेटंटला आव्हान दिलं. पुरावा म्हणून संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने संदर्भ दिले, १९५३ मध्ये भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला लेखही दिला. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं.

यातून उद्योजकाने काय घ्यायचं? आजीला माहीत होतं एवढ्यावर ते पेटंट गेलं नाही. लिहिलेलं होतं म्हणून गेलं. तुमच्या हळदीचंही तसंच आहे. माल कुठून घेतला, कधी दळला, बॅच नंबर काय, हे वहीत असेल तर तुमचा शब्द टिकतो.

आता दाव्यांकडे या. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंगळुरूच्या एका अभ्यासात दिसलं की मिऱ्यातल्या पिपरिनमुळे कर्क्युमिन शरीरात सुमारे वीसपट जास्त शोषलं जातं. पण तिथे माणसांना दिलं होतं २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन. आपल्या एका चमच्यात साधारण ३ ग्रॅम हळद. ३ टक्के धरले तर कर्क्युमिन भरतं जेमतेम ९० मिलिग्रॅम. गोळ्यांवरचा अभ्यास आपल्या पाऊचवर चिकटवणं म्हणजे ग्राहकाची फसवणूक, भले मनात काही वाईट नसो.

म्हणून "मधुमेह बरा होतो", "कॅन्सरवर गुणकारी", "सांधेदुखी कायमची बंद" असलं काही लिहायचं नाही. अन्नपदार्थ रोग बरा करतो असा दावा कायद्यात बसत नाही. औषध म्हणून विकायचं असेल तर वेगळा परवाना लागतो. कोणी विचारलं तर सांगा, जेवणातली हळद रोजची आहे. पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हळदीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

लेबलवर हे हवंच : पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरावं, हिरवा ठिपका, तुमचं नाव-पत्ता-फोन आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक. घरगुती उद्योगालाही नोंदणी लागते, ती फॉस्कॉस पोर्टलवर होते. दळलेला मसाला सुटा विकायला परवानगी नाही, पॅकबंदच विकायचा. आणि माल सांगलीचा नसेल तर 'सांगली हळद' लिहू नका.

लिहायचंच असेल तर वापर लिहा. 'फोडणीत मोहरी तडतडल्यावर हळद घाला आणि लगेच भाजी टाका, जळली की कडू होते.' 'मासे मुरवताना हळद-मीठ चोळून पंधरा मिनिटं ठेवा.' आपल्या भिवंडीत याच दोन ओळी जास्त पाऊच विकतील.

५. ताईंचं पुढे काय झालं?

त्या परत खानावळीत गेल्या. सोबत लेबल लावलेला पाऊच, हळकुंडाच्या खरेदीचं बिल आणि काचेचे दोन ग्लास. काउंटरवर पाणी ओतलं, दोन्हीत एक-एक चमचा हळद टाकली आणि गप्प उभ्या राहिल्या. मालक थोडा वेळ ग्लासांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दोन किलो ठेवा. बघू."

दहाची ऑर्डर दोनवर आली. ताईंनी फोन केला तेव्हा आवाज खुशीत होता. मी म्हटलं, "अर्ध्या हळकुंडाने पिवळं होऊ नका. हे दोन किलो संपल्यावर तो स्वतः फोन करेल, तेव्हा पेढे वाटा." त्या म्हणाल्या, "सर, फोन नाही आला तरी रंग नाही टाकणार. माझी पोरंही हीच हळद खातात."

याहून चांगलं ब्रीदवाक्य मला सुचलेलं नाही.

गृहपाठ

1. घरातली हळद आणि दुकानातले दोन ब्रँड घेऊन ग्लासची चाचणी करा आणि निरीक्षण लिहा.
2. आजच्या भावाने पाच किलोचा हिशोब मांडा, मजुरीसकट.
3. तुमचं लेबल कागदावर लिहा. औषधी दावा सापडला तर खोडा.

हिशोब अडला तर वही घेऊन पुढच्या क्लासला या, सगळ्यांसमोर सोडवू. पुढच्या धड्यात मिरची पावडर.