शाळा चर्चची, पैसा सर्वांचा: मग शेजाऱ्याचे काय?

(लहान ख्रिस्ती समूहांतील चर्चेसाठी अभ्यासलेख)



आपल्या धर्मग्रामातून नोकरीनिमित्त इंग्लंडला गेलेल्या एका ताईंचा मागे मला फोन आला होता. मुलाला तिथल्या कॅथलिक प्राथमिक शाळेत घालायचे होते आणि शाळेने स्नानसंस्काराचा दाखला मागितला होता. मुलाचा स्नानसंस्कार सुट्टीत इथे आले असताना आपल्याच चर्चमध्ये झाला होता. मी नोंदवही काढली, दाखला लिहिला, शिक्का मारून पाठवून दिला.

एप्रिलमध्ये त्यांचा पुन्हा फोन आला. प्रवेश मिळाला होता. पण आवाजात आनंदाबरोबर रुखरुखही होती. म्हणाल्या, "फादर, आमच्या शेजारी एक हिंदू कुटुंब राहते. माझी रात्रपाळी असली की आमचा मुलगा त्यांच्याकडेच जेवतो. त्यांची मुलगी त्याच्याच वयाची. शाळा त्यांच्या खिडकीतून दिसते, पण तिला जागा मिळाली नाही. आम्हाला मिळाली ती या दाखल्यामुळे. त्या बाई काही बोलल्या नाहीत, पण मलाच त्यांच्याकडे बघवत नाही. शाळा सरकारच्या पैशावर चालते, म्हणजे त्यांच्याही करातून. मग हे बरोबर झाले का?"

मी फोनवर समजुतीचे चार शब्द बोललो. फोन ठेवल्यावर माझे उत्तर मलाच पटले नाही. त्यातच गेल्या महिन्यात आपल्या पालकीय मंडळाच्या सभेत प्रश्न आला: "शाळा चर्चची आहे, तर पाचवीच्या प्रवेशात आधी आपली सगळी मुले घ्या, मग उरलेल्या जागा इतरांना द्या. असे का करत नाही?" इंग्लंडचा आणि आपला, हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत. सरकारी पैशावर चालणाऱ्या धर्मसंस्थांच्या शाळा समाजात फूट पाडतात का? आज याचा शांतपणे विचार करू या.

१. आक्षेप काय आहेत?

संत थॉमस अक्विनास कोणत्याही प्रश्नाचे उत्तर देण्याआधी विरुद्ध बाजूचे आक्षेप मांडतात, आणि तेही मोडकेतोडके नव्हे, तर भक्कम करून. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला ही सवय लावली गेली. तिला धरून तीन आक्षेप पाहू.

पहिला, एका बाकावर न बसलेली मुले मोठेपणी एकमेकांना ओळखत नाहीत, आणि अनोळखी माणसाविषयी वाईट ऐकले की ते लगेच खरे वाटते. दुसरा, कर सगळे भरतात, मग त्या पैशावर चालणाऱ्या शाळेत कोणाला मागच्या रांगेत का उभे करावे? तिसरा, दाखले, पत्रे, चर्चमधील हजेरी हे सगळे वेळेवर जुळवणे शिकलेल्या, सुस्थितीतल्या आईवडिलांना जमते. म्हणजे निवड धर्माच्या नावाने होते आणि फायदा ऐपतीला मिळतो.

यांतला एकही आक्षेप पोकळ नाही.

२. इंग्लंडमध्ये हे कसे घडले?

इंग्लंडमध्ये आज सरकारी निधीवर चालणाऱ्या सुमारे एक तृतीयांश शाळा धर्मसंस्थांच्या आहेत. त्यांत बहुसंख्य अँग्लिकन, त्याखालोखाल कॅथलिक. याचे कारण इतिहासात आहे. गरिबांच्या मुलांसाठी शाळा आधी चर्चने काढल्या, सरकार नंतर आले. १८३३ साली पार्लमेंटने पहिले शिक्षण अनुदान दिले ते धार्मिक संस्थांमार्फतच. कॅथलिक शाळांना ते १८४७ पासून मिळू लागले. त्या काळी इंग्लंडमधील कॅथलिक म्हणजे बहुतांशी आयर्लंडमधील दुष्काळातून आलेले मजूर. १८५२ मध्ये तिथल्या बिशपांनी ठरवले की नव्या वस्तीत आधी शाळा बांधायची आणि चर्च नंतर. पुढे १९४४ च्या शिक्षण कायद्याने शाळांचा रोजचा खर्च सरकारने उचलला. अनुदानित शाळांच्या इमारतींचा निम्मा खर्च मात्र चर्चकडे राहिला. आज तो वाटा सुमारे दहा टक्क्यांवर आला आहे.

गरीब, परक्या ठरवलेल्या स्थलांतरितांची ही शाळा होती. तिने त्यांना इंग्लंडपासून तोडले नाही, उलट त्यांची नातवंडे डॉक्टर, शिक्षक, खासदार होऊन त्या समाजात मिसळली. १९९८ साली पहिल्या मुस्लिम शाळांनाही सरकारी अनुदान मिळाले, ते याच न्यायाने. जे आपल्याला हवे, ते दुसऱ्याला नाकारता येत नाही.

मग २००१ चा उन्हाळा आला. ओल्डहॅम, बर्न्ली आणि ब्रॅडफर्ड या उत्तरेकडील शहरांत गोऱ्या आणि आशियाई वंशाच्या तरुणांच्या दंगली झाल्या. टेड कँटल यांच्या अध्यक्षतेखालील समितीला आढळले की या शहरांतील लोक समांतर आयुष्ये जगत आहेत. मोहल्ला वेगळा, शाळा वेगळी, क्लब वेगळा, कुठे गाठच पडत नाही. धर्मसंस्थांच्या शाळांकडे तेव्हा बोट दाखवले गेले. पण त्या शहरांत केवळ गोऱ्या किंवा केवळ आशियाई मुलांनी भरलेल्या कितीतरी शाळा साध्या नगरपालिकेच्या होत्या. मोहल्ले विभागले गेले होते, म्हणून शाळाही विभागल्या गेल्या होत्या. उलट इंग्लंडच्या कॅथलिक शाळांत आफ्रिकन, पोलिश, फिलिपिनो, केरळी आणि आपली वसईकर मुले एकत्र बसतात.

म्हणजे पहिला आक्षेप जसाच्या तसा टिकत नाही. पण आपण लगेच हुश्श करू नये.

३. उत्तर आयर्लंडचा धडा

उत्तर आयर्लंडमध्ये १९२३ साली शिक्षणमंत्री लॉर्ड लंडनडेरी यांनी सर्व मुलांसाठी एकत्र, कोणत्याही पंथाच्या ताब्यात नसलेल्या शाळांचा कायदा आणला. प्रॉटेस्टंट चर्चेसनी विरोध केला, आपल्या कॅथलिक बिशपांनीही केला. दोन्ही बाजूंना आपापली भीती होती, आणि ती निराधार नव्हती. पण परिणाम असा झाला की कॅथलिक मुले एका शाळेत आणि प्रॉटेस्टंट मुले दुसऱ्या शाळेत, हीच रीत पडली. कालांतराने दोन्हींचा खर्च सरकारनेच उचलला. तिथे माणसाने शाळेचे नाव सांगितले की त्याचा धर्म कळतो. नोकरीतील भेदभाव मोजण्याची सरकारी पद्धतसुद्धा, माणसाने आपला समाज सांगितला नाही तर, त्याच्या शाळेवरून अंदाज बांधते.

तिथल्या तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली. तो हिंसाचार शाळांनी सुरू केला नाही. जमीन, मताधिकार, नोकऱ्या, घरे यांतला अन्याय त्याच्या मुळाशी होता. पण दुरावा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात राहिला, त्यात वेगळ्या शाळांचा वाटा नव्हता असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

सप्टेंबर २००१ मध्ये उत्तर बेलफास्टमध्ये काय घडले ते आठवा. होली क्रॉस ही कॅथलिक मुलींची प्राथमिक शाळा. तिचा रस्ता प्रॉटेस्टंट वस्तीतून जात होता. चार-पाच वर्षांच्या मुली आईचा हात धरून शाळेत निघाल्या की दोन्ही बाजूंनी शिव्या, दगड, आणि एके दिवशी तर गावठी बाँब. शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष फादर एडन ट्रॉय रोज त्या मुलींबरोबर चालत गेले. नोव्हेंबरअखेर हे थांबले. शिव्या देणारेही त्याच भागातले शेजारी होते. त्यांची मुले त्या मुलींबरोबर कधी एका वर्गात बसली नव्हती.

याच बेलफास्टमध्ये १९८१ साली काही कॅथलिक व प्रॉटेस्टंट पालकांनी मिळून लॅगन कॉलेज ही एकत्र शाळा काढली. पहिल्या दिवशी २८ मुले होती. आज अशा शाळा बऱ्याच आहेत, तरी तिथल्या दहांतील एका मुलालाही त्यांचा लाभ मिळत नाही. एकदा उभे राहिलेले कुंपण काढायला किती काळ लागतो, ते यावरून कळते.

४. ख्रिस्तसभा काय सांगते?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती शिक्षणाविषयीचे घोषणापत्र २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध केले. आईवडील हेच मुलांचे पहिले शिक्षक आहेत, त्यांना सदसद्विवेकाला स्मरून शाळा निवडता आली पाहिजे, आणि सरकारी मदत अशी वाटली जावी की हे स्वातंत्र्य खरोखर वापरता येईल, असे त्यात सांगितले आहे. गरिबाला निवडीचा हक्क नुसता कागदावर देऊन उपयोग नाही. फी भरता येत नसेल तर तो हक्क श्रीमंतांपुरताच उरतो. म्हणून सरकारी अनुदान हा न्यायाचा भाग आहे. दुसऱ्या आक्षेपाचे हे निम्मे उत्तर झाले.

उरलेले निम्मे त्याच दिवसाने दिले. ख्रिस्तीतर धर्मांशी असलेल्या आपल्या नात्याविषयीचे घोषणापत्रही त्याच २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध झाले. एक पत्र हक्काचे, दुसरे नात्याचे. एकच हातात घेऊन दुसरे टेबलावर ठेवता येत नाही. शिवाय शिक्षणाच्या घोषणापत्रात, जिथे कॅथलिक नसलेली मुलेही शिकतात त्या शाळा ख्रिस्तसभेला विशेष प्रिय आहेत, असे म्हटले आहे.

इथे एक भेद लक्षात घेऊ. वेगळेपण आणि दुरावा या दोन गोष्टी आहेत. आपल्या घराला भिंती आहेत म्हणून आपण गावापासून तुटत नाही. दार आतून कायमचे लावून घेतले की तुटतो. शाळेची प्रार्थना, क्रूस, संतांचे सण हे तिचे वेगळेपण आहे आणि ते जपलेच पाहिजे. प्रश्न दाराचा आहे.

इंग्लंडमध्ये २०१० साली सरकारने नियम केला की नव्या 'फ्री स्कूल'मध्ये अर्जदार जास्त असतील तर निम्म्याच जागा धर्माच्या आधारे भराव्यात. कॅथलिक बिशपांनी त्याला विरोध केला. कॅथलिक मुलाला तो कॅथलिक आहे म्हणून कॅथलिक शाळेने परत पाठवावे लागेल, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे. पण सरकारने सक्ती करणे वेगळे आणि शाळेने आपणहून काही जागा शेजारच्या मुलांसाठी राखणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला कोणी मनाई केलेली नाही. अँग्लिकन चर्चच्या अनेक शाळा घराच्या अंतरावरून प्रवेश देतातच.

५. आपल्याकडे काय?

आपल्या संविधानकारांनी हा तोल विचारपूर्वक साधला आहे. कलम ३० अल्पसंख्याकांना शाळा काढण्याचा व चालवण्याचा हक्क देते आणि अनुदान देताना सरकारने भेदभाव करू नये असे बजावते. कलम २९ सांगते की अनुदानित संस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यांवरून कोणाला प्रवेश नाकारता येणार नाही. कलम २८ नुसार पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. हा तोल कसा राखायचा, याचा विचार २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींच्या पीठाने केला. अनुदानित अल्पसंख्याक संस्थेने आपल्या मुलांना प्राधान्य द्यावे, पण इतरांनाही वाजवी प्रमाणात घ्यावे, असा त्या निकालाचा आशय आहे.

२०२१ साली राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या अहवालात नमूद झाले की देशातील ख्रिस्ती शाळांत सुमारे ७४ टक्के विद्यार्थी अल्पसंख्याक समाजांबाहेरचे आहेत. म्हणजे आपल्या शाळा फूट पाडतात असे म्हणायला आधार नाही. पण त्याच अहवालानुसार अल्पसंख्याक शाळांत वंचित घरांतील मुले नऊ टक्क्यांहूनही कमी. हा तिसरा आक्षेप, ऐपतीचा. त्याचे उत्तर आपल्याकडे तयार नाही.

आता आपल्या शाळेकडे येतो. शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून येतात. ते पैसे पाड्यावरच्या मजुराने काडेपेटी घेताना भरलेल्या करातूनही येतात. मी परवा पाचवीचा हजेरीपट पाहिला. लोपीस, पाटील, शेख, यादव अशी नावे एकाखाली एक आहेत. बाहेर नव्या इमारतींत घर भाड्याने देताना आधी आडनाव विचारले जाते. अशा काळात वसईच्या मुलांना एकमेकांच्या डब्यातला घास खाता येईल अशा किती जागा उरल्या?

प्राधान्य मागणाऱ्यांवर माझा राग नाही. पण राग येणार नसेल तर एक सांगतो: प्राधान्य मागणाऱ्या काही घरांतील मुले विनाअनुदानित इंग्रजी शाळेत जातात. आपल्या मराठी शाळेचे बाक आपणच रिकामे केले आहेत, इतरांनी नाही. फीची भिंत दाखल्याच्या भिंतीपेक्षा उंच असते.

म्हणून पालकीय मंडळापुढे मी तीन गोष्टी ठेवणार आहे. आपल्या धर्मग्रामातील जे मूल वेळेत अर्ज करील, त्याला जागा मिळावी. शाळेच्या परिसरात राहणाऱ्या मुलांसाठी, त्यांचा धर्म न विचारता, ठरावीक जागा राखल्या जाव्यात. आणि पाड्यावरचे एकही मूल गणवेशाच्या वा वह्यांच्या पैशांअभावी परत जाऊ नये, यासाठी आपण वर्षातून एका रविवारची दानपेटी त्यासाठी द्यावी.

इंग्लंडमधल्या ताईंना मी परत फोन केला. म्हटले, प्रवेश घेऊन तुम्ही चूक केली नाही. मुलाच्या श्रद्धेची काळजी घेणे हा तुमचा धर्मच आहे. पण त्या घरी तुमचा मुलगा जेवला आहे, ते ऋण दाखल्याने फिटत नाही. शाळेच्या प्रवेशनियमांवर पालकांना मत मांडता येते, तुम्ही मांडा. आणि संध्याकाळी त्या दोघांना एकत्र अभ्यासाला बसवा. त्या म्हणाल्या, "ते कालपासूनच सुरू केले, फादर. गणित तीच शिकवते याला."

संत पौल इफिसकरांस लिहितात की ख्रिस्ताने वैराची आडभिंत पाडून टाकली (इफिस २:१४). ती आपण आपल्या शाळेच्या फाटकात पुन्हा बांधू नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या मुलांचे दुसऱ्या धर्माचे किती मित्र आहेत? त्यांची ओळख कुठे झाली?
२. आपली शाळा कॅथलिक आहे हे कशावरून ओळखले जावे: मुलांच्या दाखल्यांवरून की शाळेतील जगण्यावरून?
३. जागा एकच आहे. एक मूल आपल्या धर्मग्रामातले, दुसरे शाळेच्या कुंपणालगतच्या पाड्यावरचे. तुम्ही निर्णय कसा घ्याल?

प्रार्थना

हे प्रभू, तू बालकांना जवळ बोलावलेस तेव्हा कोणाचे नावगाव विचारले नाहीस. आमच्या मुलांना श्रद्धेत दृढ कर आणि शेजाऱ्याच्या मुलांना आमच्या अंगणात निर्धास्त येऊ दे. आमेन.

आपला,
धर्मग्राम धर्मगुरू