मुंबई–लंडन: अंतर एकच, वेळ वेगळा का?

प्रश्न: आई उन्हाळ्यात पहिल्यांदाच एकटी मुंबईहून हीथ्रोला येणार आहे. तिकिटावर दुपारी 1 ला निघून संध्याकाळी 6 ला पोहोच दिसते. म्हणजे प्रवास पाचच तासांचा? आणि परतीला वेळ कमी कसा लागतो? – एक वाचक, हॅरो

उत्तर: तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात. ब्रिटनचे घड्याळ उन्हाळ्यात भारताच्या साडेचार तास मागे असते, हिवाळ्यात साडेपाच. म्हणून आईंचा खरा प्रवास साडेनऊ तासांचा आहे.

दोन्ही विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. प्रत्यक्ष मार्ग बंद हवाई हद्दी टाळून जातो, त्यामुळे लांबतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. लंडनला येताना ते समोरून अडवतात, मुंबईला जाताना पाठीमागून ढकलतात. परतीचा वेळ वाचतो तो इथेच.

आईंची रोजची औषधे हातातल्या बॅगेतच ठेवा, अधूनमधून उठून चालायला सांगा. व्हीलचेअर हवी असेल तर विमान कंपनीला किमान 48 तास आधी कळवा.