यंत्रांची नोंदवही

१९२४ च्या जानेवारीत एस. आर. रंगनाथन यांनी मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथपालपदाची सूत्रे हाती घेतली. त्यापूर्वी ते गणिताचे अध्यापक होते. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे जे पाच सिद्धांत मांडले, त्यांपैकी शेवटचा सिद्धांत ग्रंथालय ही सतत वाढत जाणारी गोष्ट आहे, असे सांगतो. वाढणाऱ्या गोष्टीची नोंद ठेवणे स्थिर गोष्टीच्या नोंदीहून अवघड असते. ग्रंथालयात नवी पुस्तके येतात, जीर्ण झालेली रद्द होतात, एखादे भलत्याच फळीवर जाऊन बसते. तालिका मात्र पूर्वीचेच सांगत राहते. म्हणून ग्रंथपाल ठराविक काळाने दाखल नोंदवही घेऊन कपाटांपाशी जातो आणि नोंद व पुस्तक ताडून पाहतो.

त्याच शहरात, म्हणजे आजच्या चेन्नईत, आता आणखी एका प्रकारचा संग्रह वाढला आहे. तो सर्व्हरांचा होय. इतर संगणकांना सेवा पुरवणारा संगणक म्हणजे सर्व्हर. रेल्वेच्या संगणकीय आरक्षणासाठी देशात जी पाच केंद्रे उभारण्यात आली, त्यांपैकी एक चेन्नईत होते. २०१५ साली मायक्रोसॉफ्टनेही आपल्या भारतातील तीन केंद्रांपैकी एक येथे सुरू केले. अशा शेकडो यंत्रांवर नवी आज्ञावली हाताने बसवणे शक्य नसते. ते काम पपेट, शेफ, अॅन्सिबल यांसारख्या साधनांकडून करवून घेतले जाते. साधनाजवळ एक यादी असते. प्रत्येक सर्व्हरचे नाव, त्याचा पत्ता, त्याचे काम, तो चाचणीसाठी आहे की प्रत्यक्ष वापरासाठी, हे तीत नोंदलेले असते.

येथे ग्रंथालय आणि सर्व्हर यांतील एक फरक लक्षात घेतला पाहिजे. तालिकेतील नोंद चुकली तर वाचक रिकाम्या हाताने परततो. साधन मात्र नोंद वाचून थांबत नाही, तिच्यानुसार कृती करते. म्हणून येथे चुकीची नोंद म्हणजे चुकीची कृती होय.

अशा चुका तीन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात नोंद उरते, पण यंत्र गेलेले असते. त्याचा पत्ता पुढे दुसऱ्या यंत्राला दिला गेला, तर आज्ञावली भलत्याच ठिकाणी पोहोचते. दुसऱ्या प्रकारात यंत्र चालू असते, पण नोंद नसते. त्याच्यावर जुनी आज्ञावली आपल्या सर्व दोषांसह तशीच राहते. तिसऱ्या प्रकारात दोन्ही असतात, पण तपशील चुकीचा असतो. चाचणीचा म्हणून नोंदलेला सर्व्हर वास्तविक ग्राहकांचे व्यवहार पाहत असतो.

एक यंत्र मागे राहिल्याने काय घडू शकते, हे अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअरव्यवहार करणाऱ्या पेढीने २०१२ साली अनुभवले. तेथे आठ सर्व्हरांवर नवी आज्ञावली बसवायची होती. ती सातांवरच बसली, आणि काम दुसऱ्या कोणी तपासले नाही. १ ऑगस्टला बाजार उघडताच आठव्या सर्व्हरवरील, २००३ पासून वापरात नसलेला जुना भाग जागा झाला व नको असलेले आदेश बाजारात सोडू लागला. सुमारे ४५ मिनिटांच्या या व्यवहारांपायी पेढीला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. त्या गडबडीत तंत्रज्ञांनी उपाय म्हणून सात सर्व्हरांवरील नवी आज्ञावलीच काढून टाकली. त्यामुळे एका यंत्रातला दोष आठही यंत्रांत पसरला. कोणत्या यंत्रावर काय आहे याची भरवशाची नोंद हाताशी असती, तर हा उलटा उपाय बहुधा सुचला नसता.

अशी नोंद कशी राखावी? पहिली गोष्ट, पुस्तकाच्या दाखल क्रमांकाप्रमाणे प्रत्येक सर्व्हरला कायमचा क्रमांक द्यावा आणि यंत्र गेल्यावरही तो दुसऱ्याला देऊ नये. दुसरी, यंत्र उभे करणे व त्याची नोंद करणे ही एकच कृती असावी. यंत्र काढतानाही तसेच. तिसरी, प्रत्येक सर्व्हरने ठराविक वेळाने आपली हजेरी लावावी. जो गप्प राहील त्याची नोंद लगेच पुसू नये. तो बंद असेल, किंवा केवळ तार तुटली असेल. चौथी, पडताळणी दोन्ही दिशांनी करावी. केवळ यादी घेऊन यंत्रे शोधली, तर यादीत नसलेले यंत्र कधीच सापडणार नाही. शेवटची, आज्ञावली बसवल्यावर प्रत्येक यंत्राला तिची आवृत्ती विचारावी आणि आलेल्या उत्तरांची संख्या यादीशी जुळवावी.

आता भाड्याने घेतलेले सर्व्हर काही तासच जगतात. त्यांची यादी हाताने लिहिणे व्यर्थ आहे. साधन ती प्रत्येक वेळी पुरवठादाराकडून नव्याने मागवते. तथापि कोणते यंत्र कशासाठी आहे आणि त्याची जबाबदारी कोणाची, हे मनुष्यानेच नोंदवावे लागते.

डिसेंबर २०१५ च्या पुरात चेन्नईचा विमानतळ काही दिवस बंद राहिला आणि अनेक कंपन्यांना आपले काम अन्य शहरांत हलवावे लागले. अशा वेळी कोणालाही कपाटापर्यंत जाऊन यंत्र पाहता येत नाही. दूरच्या शहरात बसलेल्या माणसाजवळ फक्त यादी असते, आणि त्या दिवशी ती खरी ठरायची असेल, तर पाऊस नसलेल्या दिवसांत ती ताडून पाहिलेली असली पाहिजे.