दाखला काढण्याआधी

पालकहो,

नववीतलं मूल एके दिवशी "मी आता शाळेत जाणार नाही" म्हणतं आणि सगळं घर हादरतं. "असं अचानक काय झालं?" हा प्रत्येकाच्या तोंडचा पहिला प्रश्न. पण अचानक काहीच झालेलं नसतं. त्याआधी वर्ष-दीड वर्ष ते मूल थोडं थोडं शाळेबाहेर पडत आलेलं असतं. सुरुवातीला एखादा तास चुकतो, मग शनिवार, मग सहामाहीनंतरचे आठ-पंधरा दिवस. आपल्या नजरेत भरतो तो शेवटचा दिवस. मला तुमच्याशी बोलायचंय ते त्याआधीच्या दिवसांबद्दल, कारण मुलाला सावरणं सगळ्यात सोपं असतं ते तेव्हाच.

पोरांची नावं पहिलीत घालायला आता कुणाला सांगावं लागत नाही. वाडी-वस्तीवरचं मूलसुद्धा सहा वर्षांचं झालं की शाळेत जातं. अडचण पुढे येते. 'असर'च्या २०२३ च्या सर्वेक्षणात ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची पाहणी झाली. चौदा वर्षांच्या मुलांमध्ये शिक्षणाबाहेर असलेली शंभरात चारच्या आसपास होती. अठरा वर्षांच्यांमध्ये हाच आकडा शंभरात बत्तीसच्या पुढे होता. पहिली ते सातवी टिकलेली मुलं या चार वर्षांत हातची जातात.

याच वयात कायद्याचा आधारही सुटतो, हे फार थोड्या पालकांना ठाऊक असतं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाची त्याची हमी ६ ते १४ या वयासाठी, म्हणजे आठवीपर्यंत आहे. दुसरीकडे बालमजुरीचा कायदा आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तो चौदा वर्षांखालच्या मुलांना नोकरीवर ठेवू देत नाही, पण चौदा पूर्ण झाली की धोक्याची कामं सोडून बाकीच्या कामांना त्याची आडकाठी नाही. ज्या वयात शाळेची सक्ती संपते, नेमक्या त्याच वयात मजुरीचं दार उघडतं. तिथून पुढे मूल शाळेत टिकतं ते घराच्या बळावर. तुमच्याशी बोलावंसं वाटलं ते यासाठीच.

कारण विचारलं की घरचे म्हणतात, "त्याचं अभ्यासात लक्षच नाही." शाळाही तेच सांगते, आणि मूलही मान डोलावतं, कारण खरं कारण सांगण्यापेक्षा हे मान्य करणं त्याला सोपं वाटतं. या उत्तरावर थांबू नका. लक्ष का लागत नाही, ते शोधायला हवं.

बऱ्याच मुलांना वर्गात चाललेलं कळतच नाही. आपल्याकडे अनेक वर्षं आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवलं जात नव्हतं. लहान मुलाच्या कपाळी नापासाचा शिक्का नको, हा हेतू चांगलाच होता. पण ज्याला पाचवीत भागाकार आला नाही त्याला तो सहावी-सातवीत पुन्हा शिकवायला हवा होता, ते पुष्कळ ठिकाणी राहून गेलं. तसंच ते मूल नववीत येतं आणि गणिताची दोन पुस्तकं समोर येतात, बीजगणिताचं आणि भूमितीचं. विज्ञानात सूत्रं येतात, इंग्रजीत स्वतःच्या मनानं परिच्छेद लिहायचा असतो. त्याच 'असर' पाहणीत १४ ते १८ वयाच्या सुमारे पाव मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा नीट वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं निम्म्याहून जास्त मुलांना जमलं नाही. अशा मुलानं रोज पाच-सहा तास मागच्या बाकावर काय करायचं? काहीही न समजता गप्प बसून राहणं हे फार मोठं कष्टाचं काम आहे. त्यात सर्वांसमोर उभं करून विचारलं जाण्याची धास्ती. पंधराव्या वर्षी अपमान सगळ्यात जास्त लागतो. मग मूल त्या तासाला जायचं टाळतं, नंतर त्या दिवशी जायचं टाळतं. त्याला आळशी म्हणण्याआधी त्याचं मराठीचं पुस्तक त्याच्या हाती द्या आणि एक पान मोठ्यानं वाचायला सांगा. आईवडील स्वतः शिकलेले नसले तरी मूल अडखळतंय की सरळ वाचतंय, हे कानाला कळतं.

दुसरं कारण अंतराचं. गावातली जिल्हा परिषदेची शाळा चौथीला किंवा सातवीला संपते आणि हायस्कूल मोठ्या गावात असतं. मुलगा कुणाच्या तरी गाडीवर बसून जातो, मुलीचं अडतं. एसटी चुकली की दिवस बुडतो, आणि संध्याकाळची गाडी उशिरा आली की घरी आईचा जीव टांगणीला लागतो. स्टँडवर कुणी त्रास दिला तर मुलगी घरी सांगत नाही. सांगितलं तर आपलीच शाळा बंद होईल, हे तिला पक्कं माहीत असतं. इथे पालकांनी एकत्र यायला हवं. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत मुलींसाठी वेगळ्या बस आणि आठवी ते बारावीच्या मुलींसाठी सायकलींची योजना आहे. शाळेच्या वेळेला गाडी येत नसेल तर एकट्या बापाचं कुणी ऐकत नाही. दहा पालकांच्या सह्यांचं पत्र, सोबत मुख्याध्यापक आणि सरपंच असले की आगारप्रमुखाला दखल घ्यावी लागते. मुलीचा त्रास बंद करण्यासाठी मुलीची शाळा बंद करणं ही त्रास देणाऱ्याऐवजी तिलाच दिलेली शिक्षा आहे.

तिसरं कारण पोटाचं, आणि तिथे उपदेश करायला मी धजत नाही. बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर भागातली हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडेपर्यंत हात थांबवता येत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. चौदा-पंधराचा मुलगा सोबत असला की मोळ्या बांधायला आणि गाडी भरायला दोन हात वाढतात. मुलगी असेल तर कोपीवर धाकट्यांना सांभाळते, भाकरी थापते. पटावर नाव असतं आणि मूल फडात असतं. परत येईपर्यंत वार्षिक परीक्षा उरकत आलेली असते. असं एक वर्ष गेलं तरी मूल पुढे तग धरतं, पण दुसऱ्यांदा गेलं की बहुधा परत येत नाही. निघण्याआधी एवढं करा. गावात हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, ते शाळेत विचारा. आजी-आजोबांजवळ, मामाकडे ठेवता येत असेल तर निदान नववी-दहावीची दोन वर्षं तरी ठेवा. आणि सोबत न्यावंच लागलं तर गुरुजींना सांगून न्या, पुस्तकं बरोबर द्या आणि जिथे जाल तिथल्या शाळेत त्याला बसवा. न सांगता गेलेलं मूल शाळेच्या हिशेबातून हळूहळू पुसलं जातं.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. पाळी सुरू झाली की महिन्यातले तीन-चार दिवस ती घरी राहते. कारण शाळेत स्वच्छतागृह नसतं, असलं तर पाणी नसतं, दाराला कडी नसते. या गोष्टी आयांनी शाळेत जाऊन ठणकावून मागाव्यात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्याच सुमारास नातेवाईक स्थळं सुचवू लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. "मुलगी वयात आली, घोर लागतो" असं आई म्हणते तेव्हा तिची काळजी खरी असते. पण शाळा सुटलेल्या मुलीचं लग्न लवकर ठरतं, शाळेत जाणाऱ्या मुलीला "आधी दहावी होऊ द्या" एवढं एक वाक्य तरी पाठीशी असतं. तो आधार तिच्याकडून काढून घेऊ नका. कुठे अशा लग्नाची घाई दिसली तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

मुलग्यांची ओढ वेगळी. मित्र गॅरेजमध्ये लागलेला असतो, कुणी टेम्पोवर जातो, कुणाच्या हाती नवा मोबाईल येतो. रोजच्या रोज पैसा दिसतो, आणि शाळेत मात्र रोज पडतं घ्यावं लागतं. शिवाय गावातले पदवीधर रिकामे बसलेले त्याला दिसत असतात. "शिकून तरी काय होणार?" हा त्याचा प्रश्न झिडकारू नका, त्याला खरं उत्तर द्या. शिक्षणानं नोकरीची हमी मिळत नाही, हे त्याच्यापुढे मान्य करा. पण आयटीआयच्या बहुतेक ट्रेडना दहावी लागते, पोलीस भरतीला बारावी लागते, अंगणवाडी सेविकेलाही आता बारावी लागते, हेही सांगा. पंधराव्या वर्षी मिळणारी मजुरी पस्तिसाव्या वर्षीही जवळपास तिथेच असते, हे त्याला तुमच्याच अनुभवातून दाखवा. तुमचं आयुष्य हा त्याच्यासमोरचा सगळ्यात विश्वासाचा पुरावा आहे.

मग ओळखायचं कसं? सोमवारी सकाळी पोट दुखतं का, ठरावीक वारालाच ताप वाटतो का, ते पाहा. दप्तर घरी आल्यावर तसंच कोपऱ्यात पडून राहतं का? शाळेतल्या मित्रांची नावं बोलण्यातून नाहीशी झाली आहेत का? पालकसभेची चिठ्ठी तुमच्यापर्यंत पोचत नाही का? यातलं एखादं लक्षण कधीतरी दिसलं तर घाबरायचं कारण नाही, पण दोन-तीन एकत्र दिसली तर निकालाची वाट पाहू नका. वर्गशिक्षकांना भेटा आणि तीनच गोष्टी विचारा. या महिन्यात किती दिवस हजर होता, कोणत्या विषयात कुठे अडलाय, आणि वर्गात कुणाशी बोलतो. शाळेत मारहाण किंवा अपमान होत असेल तर तेही शांतपणे पण ठामपणे मांडा. आठवीपर्यंतच्या मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यावर शिक्षण हक्क कायद्यानंच बंदी घातली आहे, आणि मोठ्या मुलांनाही माणुसकीची वागणूक मिळायलाच हवी.

घरी बोलताना मार्कांपासून सुरुवात करू नका. "किती पडले?" या प्रश्नाला मूल एक आकडा सांगतं आणि गप्प होतं. "आज कोणत्या तासाला बसवत नव्हतं?" असं विचारलंत तर उत्तर यायला वेळ लागेल, पण येईल. शेजारच्या मुलाचा दाखला देऊ नका. आणि "जमत नसेल तर ये माझ्याबरोबर रानात" असं रागाच्या भरात म्हणू नका. आपल्या तोंडून धमकी म्हणून निघालेलं वाक्य मूल सुटका म्हणून धरून ठेवतं.

ज्यांच्या घरी हे आधीच घडून गेलंय, त्यांनीही हताश होऊ नये. दहावीत एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, आणि जास्त राहिले तरी पुरवणी परीक्षा असते. शाळा सुटलेल्या मुलाला १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची दहावी खाजगीरीत्या देता येते. फॉर्मची मुदत परीक्षेच्या कित्येक महिने आधी संपते, म्हणून चौकशी जून-जुलैतच करा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत तर एकेक-दोनदोन विषय सोडवत पाच वर्षांत दहावी पूर्ण करता येते, काम सांभाळून शिकणाऱ्याला ती सोय फार मोठी आहे. वेल्डर, वायरमनसारख्या आयटीआयच्या काही ट्रेडना आठवीनंतरही वाट आहे. पुस्तकात न रमणारं मूल शिकूच शकत नाही, असंही नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तो अशाच मुलांसाठी. शाळा सोडलेली मुलं तिथे वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती आणि अन्नप्रक्रिया प्रत्यक्ष हातानं करत शिकत आली आहेत. करता करता त्यांना त्यामागचं गणित आणि विज्ञानही उमगतं.

शेवटी एकच कळकळीचं मागणं. शाळा सोडण्याचा निर्णय पंधरा वर्षांच्या मुलावर सोपवू नका, आणि त्याला न विचारता स्वतःही घेऊ नका. शाळा सोडल्याचा दाखला मागायला जाण्याआधी एकदा हजेरीपट बघायला जा. आपलं मूल कोणत्या महिन्यापासून गैरहजर राहू लागलं ते त्यात स्पष्ट दिसेल. त्या महिन्यात काय घडलं होतं, ते मुलाला आणि त्याच्या गुरुजींना समोरासमोर बसवून विचारा. अडलंय ते भागाकारावर, बसवर, उचलीवर की कुणाच्या त्रासावर, हे कळलं की त्यावर इलाज काढता येतो. तुमचं मूल नववी-दहावीत असेल, तर या आठवड्यातच शाळेत जाऊन या.