अंगावरून पांढरे जाणे, ‘कँडिडा’चा रिपोर्ट आणि राहून गेलेली साखरेची तपासणी

वर्षावासात आपल्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालते. वाचन संपले, खीर वाटून झाली, पुरुष मंडळी पांगली, की बायका थोडा वेळ मागे बसतात. खरी दुखणी तेव्हा बाहेर येतात. तासगाव भागातल्या एका वस्तीत अशाच एका संध्याकाळी, द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या एका ताईंनी पिशवीतून चार पानांचा रिपोर्ट काढून आमच्यापुढे ठेवला. सहा महिने अंगावरून पांढरे जात होते. खाज इतकी की रात्रीची झोप नाही. ओळखीतल्या एकीने सांगितले, तुमच्या पोटात आणि रक्तात ‘कँडिडा’ वाढलाय. मग रक्ताची महागडी तपासणी झाली, आणि तिच्यामागून तीन डब्यांचा कोर्स आला. एक डबा जंतू मारायचा, एक आतडी साफ करायचा, एक ‘चांगले जंतू’ भरायचा. महिन्याची मजुरी त्यात गेली. खाज होती तिथेच राहिली.

त्या चार पानांत रक्तातल्या साखरेची तपासणी मात्र कुठेच नव्हती.

कँडिडा ही एक बुरशी आहे. ती बाहेरून आलेली शत्रू नव्हे. आपल्या तोंडात, आतड्यात, कातडीवर ती थोडी थोडी राहतेच. कसलाही त्रास नसलेल्या शंभर बायका तपासल्या तरी दहा ते वीस जणींच्या योनिमार्गात ती सापडते. अंगातले इतर जंतू आणि आपली प्रतिकारशक्ती तिला आवरून धरतात. हा तोल बिघडला की ती वाढते. मग योनिमार्गात खाज, आग, दह्याच्या कवडीसारखा पांढरा स्राव सुरू होतो. साधारण चारांतल्या तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. म्हणजे यात लाजण्यासारखे काही नाही आणि चारित्र्याशी तर याचा काडीचा संबंध नाही. सासूबाईंनीही हे वाक्य वाचावे.

आता रिपोर्टाकडे येऊ. ताईंच्या रक्तात कँडिडाविरुद्धच्या प्रतिपिंडांची, म्हणजे अँटिबॉडीची तपासणी केलेली होती आणि ती ‘पॉझिटिव्ह’ होती. बुरशी जन्मभर अंगावर राहणार असेल तर रक्ताला तिची ओळख असणारच. धडधाकट माणसांतही ही तपासणी पॉझिटिव्ह येते. त्यावरून आज आजार आहे की नाही हे ठरत नाही. शौचाच्या तपासणीत कँडिडा दिसला तरी तेच. सकाळी उठून पाण्याच्या पेल्यात थुंकायचे आणि थुंकीचे धागे खाली उतरले तर कँडिडा, अशीही एक घरगुती परीक्षा सांगतात. थुंकीत चिकट द्रव असतो, तो खाली उतरतोच. त्यातून काहीही कळत नाही.

कँडिडा रक्तात शिरतो हे खोटे नाही. पण तो आजार अतिदक्षता विभागातल्या, नळ्या लावलेल्या, अत्यंत अशक्त रुग्णांना होतो. असा माणूस बागेत डोक्यावर पाटी घेऊन उभा राहू शकत नाही.

मग थकवा, डोके दुखणे, पोट फुगणे, उदास वाटणे हे सगळे कँडिडामुळे होते, हे आले कुठून? अमेरिकेत डॉ. विल्यम क्रुक यांनी १९८३ साली यावर एक पुस्तक लिहिले आणि ते फार खपले. तिथल्याच डॉक्टरांनी मग ही गोष्ट तपासून पाहिली. अशा तक्रारी असलेल्या ४२ बायकांना कधी बुरशी मारणारे नायस्टॅटिन दिले, कधी तसेच दिसणारे बिनऔषधाचे औषध. १९९० साली निकाल छापून आला. योनिमार्गाचा त्रास औषधाने कमी झाला, पण थकवा आणि बाकीच्या तक्रारी बिनऔषधानेही तेवढ्याच कमी झाल्या. कालामांना तथागतांनी काय सांगितले ते आपण विहारात ऐकतो. ऐकीव आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. तेच इथे डबे विकणाऱ्यांनाही लावायला हवे.

ज्या बाईला खाज आणि स्राव आहे तिची खरी तपासणी साधी आहे. डॉक्टर किंवा सिस्टर कापसाच्या काडीवर स्राव घेतात, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशीच्या कळ्या आणि तंतू तिथे दिसतात. कधी कधी बुरशी असूनही दिसत नाही. त्रास वारंवार होत असेल तर कल्चर करतात, म्हणजे ती वाढवून तिची जात ओळखतात. आम्ही ताईंना त्यांच्याच कामातले विचारले: बागेत भुरी आलीय की डाउनी, हे पान उलटून न बघता मालक फवारणी करतो का? त्या हसल्या.

कारण सगळेच पांढरे पाणी कँडिडाचे नसते. पाळीच्या मध्यावर जाणारे पातळ, बिनवासाचे पाणी नैसर्गिक आहे. माशासारखा वास असेल तर कारण बहुधा दुसरे जंतू. हिरवट-पिवळे, फेसाळ असेल तर आणखी वेगळे, आणि तिथे नवऱ्यालाही औषध लागते. ओटीपोटात दुखून ताप येत असेल, संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी बंद झाल्यावर पुन्हा लाल जात असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.

इथे एक गोष्ट कडक शब्दांत सांगायची आहे. नुसते पांढरे जाते म्हणून पिशवी काढायला कुणी सांगितले तर सही करू नका. दर हंगामात आपल्या साखर कारखान्यांवर येणाऱ्या बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या, हे २०१९ साली महाराष्ट्रभर गाजले. सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. त्यांतल्या कितीतरी जणी सुरुवातीला पांढरे पाणी आणि पोटदुखीची तक्रार घेऊनच गेल्या होत्या.

आता साखर. रक्तात साखर जास्त असली की बुरशीला आयते खाद्य मिळते. वर्षात तीनदा किंवा जास्त वेळा हा त्रास झाला तर मधुमेहाची तपासणी झालीच पाहिजे. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, किंवा तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी ६.५ किंवा जास्त आली, तर मधुमेह समजतात. बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले हे आपल्याला ठाऊक आहे. घरात त्याचे नाव काढायला आपण मात्र घाबरतो. तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब उपकेंद्रात मोफत बघतात. आशाताईंना विचारा.

याची दुसरी बाजूही आहे. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, उदाहरणार्थ डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन, साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यामुळे तिथे बुरशी वाढू शकते, पुरुषांनाही. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना त्रास सांगा. नुकतेच घेतलेले अँटिबायोटिक, गरोदरपण, स्टिरॉइड आणि एचआयव्ही ही बाकीची कारणे. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत आणि गुप्त असते.

औषध स्वस्त आहे. क्लोट्रिमाझोलच्या योनिमार्गात ठेवायच्या गोळ्या, नाहीतर फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी. जिल्हा रुग्णालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी ‘सुरक्षा क्लिनिक’ असते. तिथे स्रावासाठी हिरव्या रंगाचे किट मोफत देतात, त्यात हीच फ्लुकोनाझोल असते. गरोदर बाईने ही पोटातली गोळी घेऊ नये. साखरेसाठी ग्लिमेपिराइड चालू असेल तर फ्लुकोनाझोलमुळे साखर एकदम उतरू शकते, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनचा जोरही वाढतो. म्हणून दुकानातून मागून न घेता चालू गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांना दाखवा. खाजेसाठी तीन-चार औषधे एकत्र केलेले मलम तर लावूच नका. त्यातल्या स्टिरॉइडने दोन दिवस बरे वाटते आणि बुरशी पसरते. डेटॉलने धुणे, लसूण किंवा दही आत ठेवणे हेही नको. दही खा.

डब्यांविषयी थोडेच. ‘चांगल्या जंतूं’च्या गोळ्यांनी योनिमार्गाची बुरशी जाते असा भक्कम पुरावा नाही. ओव्याच्या किंवा ओरेगॅनोच्या अर्काच्या, नारळातल्या आम्लाच्या गोळ्यांबाबतही नाही. अशा डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे कायद्याने बंधनकारक आहे. शाळेत जाणाऱ्या मुलीकडून ते वाचून घ्या. भाकरी, इडली, गूळ सगळे तीन महिने बंद, असा तक्ताही सोबत मिळतो. दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईने भाकरी सोडून काय खावे, ते त्या तक्त्यात नसते.

तोंडाचे विसरायला नको. दम्याच्या पंपानंतर गुळणी केली नाही, कवळी रात्री काढली नाही, तर तोंडात पांढरा थर येतो. हा थर पुसला की निघतो, खाली लाल दिसते. मिश्री लावणाऱ्या बायकांच्या गालात आत दिसणारा पांढरा चट्टा मात्र पुसून जात नसेल तर तो कँडिडा समजून सोडू नका. तो पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो, दंतवैद्यांना दाखवा. तान्ह्या बाळाच्या जिभेला टाकणखार किंवा मध चोळू नका.

ताईंची साखर उपकेंद्रात वाढलेली निघाली. साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या, सहा रात्री क्लोट्रिमाझोल झाले, आणि दिवाळीच्या आत त्या रात्रभर झोपू लागल्या. तीनपैकी एका डब्याचे सील त्यांनी फोडलेले नव्हते. परत द्यायला गेल्या तर पावती मागितली. पावती कधी दिलीच नव्हती.