फिटची गोळी आणि मांडीचे हाड



आपल्या पत्रिकेतून दर तिमाहीस एक अभ्यासपाठ येतो. या वेळचा पाठ आरोग्याचा आहे. निमित्त एका प्रश्नाचे. आपण दिलेल्या प्रवासनिधीतून पाड्यावरचे रुग्ण जिल्ह्याच्या बाह्यरुग्ण विभागात नेले जातात. त्याचा हिशोब वाचून एका मंडळीतील वडीलधाऱ्या भगिनींनी विचारले, "सिस्टर, फिटचा रुग्ण मेंदूच्या डॉक्टरांकडे नेता हे समजले. पण त्याच रुग्णाचे भाडे हाडांच्या ओपीडीसाठी पुन्हा का लावता?" प्रश्न रास्त आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी परिचारिका म्हणून काम करताना मी जे शिकले आणि पाहिले, त्यावरून त्याचे उत्तर देते.

1. फिट म्हणजे काय

आपला मेंदू सूक्ष्म विद्युतसंदेशांवर चालतो. काही क्षण हे संदेश एकाच वेळी, बेतालपणे उसळले की माणसाला फिट येते. कोणी हातपाय झाडतो, कोणी नुसताच टक लावून पाहत राहतो, कोणाचा एकच हात थरथरतो. अशा फिट विशेष कारणाशिवाय पुन्हा पुन्हा येऊ लागल्या की त्या आजाराला अपस्मार म्हणतात. आपल्याकडे फेफरे, मिरगी, आकडी अशीही नावे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा आजार आहे आणि त्यांतील जवळजवळ 80 टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. वेळेवर निदान होऊन नीट औषध मिळाले, तर 70 टक्के रुग्ण फिटशिवाय जगू शकतात. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पाड्यावर अजूनही "याला औषध नाही" असेच सांगितले जाते.

कारणे अनेक आहेत. बाळंतपणात बाळाला प्राणवायू कमी पडणे, डोक्याला मार लागणे, मेंदूज्वर, अर्धांगवायूचा झटका. एक कारण टाळता येण्याजोगे आहे. डुकराच्या मांसातून होणाऱ्या फीतकृमीची अंडी त्या रुग्णाच्या विष्ठेतून पाण्यात आणि भाजीपाल्यावर जातात. ती पोटात गेली की कृमीच्या अळ्या मेंदूपर्यंत पोहोचून तिथे गाठी करतात. मांस कधीच न खाणाऱ्यालाही हे होऊ शकते. म्हणून शौचालय, हात धुणे आणि भाजी स्वच्छ धुणे हाही फिटविरुद्धचाच उपाय आहे.

फिट येत असताना काय करावे? रुग्णाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, जवळची चूल, दगड, कोयता दूर करा आणि घड्याळ पाहा. दातखिळी उघडण्यासाठी तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका, पाणी पाजू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने फिट थांबत नाही. ती बहुधा एकदोन मिनिटांत आपोआपच थांबते आणि श्रेय चपलेला मिळते. पाच मिनिटांहून अधिक चालली, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरी आली, तर ताबडतोब रुग्णालय गाठा.

2. गोळी आणि तिची किंमत

फिटसाठी फेनोबार्बिटोन, फेनिटोइन, कार्बामाझेपिन, सोडियम व्हॅल्प्रोएट ही जुनी आणि परिणामकारक औषधे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ही चारही आहेत. ती रोज, ठरल्या वेळी आणि वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. दोन वर्षे एकही फिट आली नाही, तर डॉक्टर विचार करून ती हळूहळू कमी करू शकतात. पण आपल्या मनाने एकदम बंद केली तर पूर्वीपेक्षा जोरदार फिट येते आणि कधीकधी ती जिवावर बेतते.

गोळी का सुटते? बस चुकते. भातलावणी किंवा मोहफुलांचा हंगाम असतो. मजुरीसाठी कुटुंब गुजरातेत जाते आणि गोळ्यांची पाकिटे घरीच राहतात. एका हेलपाट्यात दिवसाची मजुरी बुडते. आपला प्रवासनिधी या खिंडारावर उभा आहे.

प्रत्येक औषधाची काही किंमत मोजावी लागते. फेनिटोइनने हिरड्या सुजतात. व्हॅल्प्रोएट गर्भातील बाळाला अपाय करू शकते, म्हणून मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना शक्यतो दुसरे औषध देतात. आणि या पाठाचा मुख्य मुद्दा म्हणजे या गोळ्यांचा हाडांवर होणारा परिणाम.

3. मेंदूची गोळी हाडापर्यंत कशी पोहोचते

अन्नातील कॅल्शियम शरीरात शोषले जाण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते. ते मुख्यतः उन्हामुळे आपल्या त्वचेत तयार होते. फेनोबार्बिटोन, फेनिटोइन आणि कार्बामाझेपिन ही औषधे यकृताला जादा कामाला लावतात. त्यामुळे यकृत ड जीवनसत्त्वही नेहमीपेक्षा वेगाने मोडून टाकते. कॅल्शियम कमी पडू लागले की शरीर ते हाडांतून काढून घेते. ही प्रक्रिया वर्षानुवर्षे चालली की हाडे मऊ किंवा ठिसूळ होतात. व्हॅल्प्रोएटची तऱ्हा वेगळी असली, तरी दीर्घकाळ घेतल्यास तेही हाडांना त्रासदायक ठरू शकते.

याची खूण ओळखायला शिका. हाडे मऊ झाली की कंबर, मांड्या आणि बरगड्या सतत दुखतात. उकिडवे बसल्यावर उठताना जमिनीला हात टेकावा लागतो. चाल बदकासारखी डुलती होते. हाडे नुसती ठिसूळ झाली तर मात्र काहीच दुखत नाही. एके दिवशी साध्या पडण्याने हाड मोडते, तेव्हाच कळते. आणि फिटचा रुग्ण तर इतरांपेक्षा जास्त वेळा पडतो. हाडे कमजोर आणि पडणे वारंवार, असा हा दुहेरी धोका आहे.

एका पाड्यावरची पस्तिशीची बहीण अकरा वर्षे फेनिटोइन घेत होती. फिट जवळजवळ थांबल्या होत्या. मग मांड्या दुखू लागल्या. घरचे म्हणाले, कामाचा कंटाळा आहे. एका दवाखान्यात तिला दुखण्याची गोळी मिळाली, दुसऱ्या ठिकाणी मलम. ती रोज आणखी कोणते औषध घेते, हे कोणी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही, कारण फिटचा आजार लपवूनच तिचे लग्न लावले होते. पुढे हंडा घेऊन येताना ती बांधावर घसरली. पडणे साधेच होते, पण मांडीचे हाड मोडले.

ती रुग्णालयात असताना तिच्या सासूबाई मला म्हणाल्या, "सिस्टर, गोळीनेच हाड खाल्लं ना? मग आता बंद करू." हा क्षण फार नाजूक असतो. गोळी बंद केली असती तर फिट पुन्हा आल्या असत्या आणि नव्याने जोडलेले हाड पुन्हा मोडले असते. गोळी तशीच चालू ठेवून हाडांकडे दुर्लक्ष केले असते, तर दुसरा पाय गेला असता. त्या दिवशी अस्थिरोग विभागातील डॉक्टरांनी केसपेपरवर फिटच्या औषधाची नोंद करून मानसोपचार व मेंदूविकारांच्या ओपीडीला चिठ्ठी दिली. रक्तातील कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासले गेले. ड जीवनसत्त्व फारच कमी निघाले. ते भरून काढणारे औषध आणि कॅल्शियम सुरू झाले आणि फिटची गोळी टप्प्याटप्प्याने बदलण्यात आली. आज ती काठी न घेता पाणवठ्यावर जाते. दुसऱ्या ओपीडीचे भाडे का लागते, याचे उत्तर या एका चिठ्ठीत आहे.

4. आणखी दोन धागे

फक्त अपस्मारातच हे घडते असे नाही. तीव्र मानसिक आजारावरील काही औषधांमुळे शरीरातील एक संप्रेरक वाढून पाळी थांबते आणि हाडे विरळ होतात. शिवाय असा रुग्ण वर्षानुवर्षे घरात कोंडला जातो, ऊन नाही, हालचाल नाही, धड जेवण नाही. काहींना तर आजही साखळीने बांधले जाते. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळदंडात बांधलेले 28 मनोरुग्ण पळू न शकल्याने मरण पावले. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे आणि सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे.

दुसरा धागा सिकलसेलचा. आपल्या आदिवासी भागात हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला की तरुण वयातच खुबा झिजतो. मेंदूचा तुटला तर लहान मुलालाही अर्धांगवायू होऊ शकतो, फिट येऊ शकते. लंगडणारे मूल दिसले की नुसती मालिश करू नका, रक्त तपासा. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ही तपासणी होते.

5. ओपीडीला जाताना

रुग्णाला नेणाऱ्या स्वयंसेवकांनी हे पाळावे.

• फिट प्रत्यक्ष पाहिलेली व्यक्ती सोबत न्या. रुग्णाला स्वतःला काहीच आठवत नसते. मोबाइलवर चित्रण असेल तर फारच उत्तम.
• सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घ्या, भगताने दिलेली पुडीसुद्धा. तिची लाज वाटू देऊ नका.
• एकच वही ठेवा. फिट कधी आली, किती वेळ चालली, गोळी कधी चुकली, हे त्यात लिहा. तीच वही दोन्ही विभागांत दाखवा.
• फिटची गोळी अनेक वर्षे चालू असेल, तर "हाडांसाठी काही तपासणी किंवा औषध हवे का?" असे आपण होऊन विचारा. ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या पुड्या दुकानातून परस्पर आणू नका. अतिरेकाने मूत्रपिंडाला इजा होते.
• अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची चौकशी करा. 2016 च्या कायद्यात 21 प्रकारचे अपंगत्व मोजले आहे. त्यात मानसिक आजार, दीर्घकालीन मज्जाविकार आणि सिकलसेलही आहेत.
• मनाचा त्रास असह्य झाला आणि वाहन नसेल, तर टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. मराठीत बोलता येते.

घरी नागलीची भाकर, तीळ, हिरव्या पालेभाज्या आणि रोजचे ऊन यांची सवय ठेवा. 100 ग्रॅम नागलीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. आपल्या वाडवडिलांचे हे धान्य रेशनच्या तांदळापुढे मागे पडले आहे. फिटच्या रुग्णाने चुलीपुढे, नदीवर किंवा झाडावर एकट्याने असू नये.

6. मंडळीसाठी

एक गोष्ट प्रेमाने पण स्पष्ट सांगते. "प्रार्थना केली, आता गोळी सोड," असा सल्ला काही वेळा आपल्याच माणसांकडून दिला जातो. मार्ककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील मुलाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, म्हणून फिट दिसली की दुष्टात्म्याचे नाव लगेच ओठांवर येते. पण त्या गोष्टीतील बापाकडे पाहा. मूल विस्तवात आणि पाण्यात पडते हे तो सांगतो, कधीपासून होते हेही सांगतो, आणि लोकलाजेने काहीच लपवत नाही. आपल्या पाड्यावरच्या आईबापांना हेच धैर्य हवे आहे. लूक वैद्य होता, हेही विसरू नये. रुग्णासाठी प्रार्थना जरूर करा आणि प्रार्थना झाल्यावर त्याला विचारा, "आजची गोळी घेतली का?"

त्याच शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणले. चौघांपैकी कोणी वैद्य नव्हते. त्यांनी फक्त वाट काढली. आपली देणगी, आपली गाडी, आपला एक दिवस म्हणजे त्या खाटेचा एकेक कोपरा आहे.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीत फिटचा आजार लपवावा लागलेले कुटुंब आहे का? ते का लपवते?
2. फिट आल्यावर काय करावे, हे आपल्या शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना दाखवता येईल का?
3. पावसाळ्यात रस्ता बंद होण्याआधी रुग्णांपर्यंत पुरेशी औषधे पोहोचवण्याची जबाबदारी आपल्यापैकी कोण घेईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका नावासह मिशन कार्यालयाला कळवावे, ही नम्र विनंती.